पहिली पॉइंट टू-टू : खरेदी, झीरो आणि साफसफाईच्या नोंदी

८ जानेवारी

परवाना हातात आला, म्हणून वही उघडली. तोवर रायफल बघायला जाणंसुद्धा टाळलं होतं. एखादी आवडून बसली आणि कागद अडकले, की नुसता जीव टांगणीला. परवान्याचे नियम देशागणिक वेगळे, त्यामुळे त्यांबद्दल इथे लिहीत नाही. क्रम मात्र कुठेही एकच ठेवावा: आधी कागद, मग कुलपाचं कपाट, मग रायफल.

कॅलिबरचा फार खल केला नाही. रिमफायरमध्ये नवख्यासमोर साधारण तीन नावं येतात: .२२ लाँग रायफल, .२२ मॅग्नम आणि .१७ एचएमआर. मॅग्नम १९५९ चं, एचएमआर २००२ चं, लाँग रायफल थेट १८८७ चं. शिकायला सगळ्यात जुनंच घेतोय. खांद्याला धक्का जवळजवळ नाही, काडतुसं सगळ्यांत स्वस्त, आणि ५० मीटरच्या रायफल स्पर्धा याच काडतुसावर होतात.

रिमफायर म्हणजे काय ते एकदा नीट लिहून ठेवतो, कारण पुढची बरीच देखभाल यातूनच ठरणार आहे. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ काठात भरलेलं असतं. फायरिंग पिन तो काठ चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर चेपते आणि मिश्रण पेटतं. काठ चेपता यावा म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं. पितळ पातळ, म्हणून दाबही कमी: .२२ लाँग रायफलची मर्यादा २४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तर .२२३ रेमिंग्टनची ५५,०००. आणि एकदा चेपलेल्या काठात मिश्रण पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे पुंगळी रीलोड करायचा प्रश्नच मिटला.

१७ जानेवारी

बोल्ट ॲक्शन (बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, दर गोळीला हाताने मागे-पुढे करायचा) की सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी)? रेंजवरच्या अर्ध्या लोकांनी सेमी-ऑटो सुचवली. रूगर १०/२२ तर १९६४ पासून बाजारात आहे आणि तिचा सुटा भाग मिळाला नाही असं सहसा होत नाही. तरी माझं मत बोल्टकडेच झुकलं. या वर्गातल्या सेमी-ऑटो ब्लोबॅक पद्धतीच्या असतात. बोल्टला कुठे खाच-कडी नसते. स्वतःचं वजन आणि स्प्रिंग यांच्या जोरावर तो जागेवर थांबतो आणि दाबाने मागे येतो. येताना काजळी आणि गोळीवरचं मेणही रिसीव्हरमध्ये (बोल्ट बसतो त्या सांगाड्यात) घेऊन येतो. शिवाय बोल्ट नीट मागे ढकलला जायला बऱ्याच रायफलींना जास्त वेगाची काडतुसंच लागतात. मला हळू, एकेक गोळी मारायची आहे आणि काडतूस रायफलीच्या आवडीने निवडायचं आहे. बोल्टच बरा.

नळी किती लांब, यावर लोक उगाच भांडतात. या काडतुसातली दारू साधारण ४० सेंटीमीटर नळीतच जळून संपते. त्यापुढच्या लांबीने वेग फारसा वाढत नाही. उघड्या साइटवर नेम धरणाऱ्याला मात्र पुढची आणि मागची साइट एकमेकींपासून लांब असण्याचा फायदा होतो.

२ फेब्रुवारी

वापरलेल्या दोन रायफली पाहिल्या. रेंजवर शिकवणारे सर सोबत होते, ते बरं झालं.

पहिली दिसायला देखणी. अक्रोडाचा दस्ता, ब्लूइंग (धातूवरचा निळा-काळा थर) जसंच्या तसं, नळीत उजेड टाकला तर आरसा. मी मनातून घेऊनच टाकली होती. सरांनी नळीत पाहिलंसुद्धा नाही. बोल्ट काढला, बॅटरी चेंबरच्या तोंडावर तिरकी धरली आणि म्हणाले, "इथे नख फिरव." बरोबर वरच्या बाजूला, जिथे फायरिंग पिन आपटते तिथे, नख अडकलं. कडेवर एक बारीक चौकोनी खड्डा, आणि त्यातलं लोखंड आत चेंबरकडे किंचित ढकललेलं.

हे रिकामा ट्रिगर दाबण्याचं काम. चेंबरमध्ये काडतूस नसलं की काही जुन्या रायफलींमध्ये पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते. खड्डा पडला की त्या जागी काठाला मागून आधार उरत नाही, तो पुरेसा चेपत नाही आणि मिसफायर होतात, म्हणजे काडतूस पेटतच नाही. आत आलेला कंगोरा पुंगळीला ओरबाडतो तो वेगळाच. कंगोरा परत दाबून बसवायचं हत्यार मिळतं, पण पहिलीच रायफल दुरुस्तीला घेऊन सुरुवात कशाला?

दुसरी क्लबातल्या एका काकांची. दस्त्यावर ओरखडे, एका जागी पॉलिश उडालेलं. पण चेंबरची कड स्वच्छ. नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, भिंगाखाली पाहिली: नळीतल्या सगळ्या खोबण्या एकसारख्या संपतात, कुठे खरचटलेलं नाही. गोळी नळी सोडते तो शेवटचा क्षण तिथला, त्यामुळे तिथे एका बाजूने गॅस आधी सुटला तर बाकी नळी कितीही चांगली असून उपयोग नाही. दस्त्याच्या मनगटाजवळ (मुठीत धरतो त्या बारीक भागाजवळ) चीर नाही. स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या नाहीत; यावरून आधीच्या मालकाने योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरला एवढं कळतं, आणि ज्याने तेवढं केलं त्याने बाकीचंही सांभाळलं असणार असा माझा अंदाज. डमी काडतुसं मॅगझिनमधून एकेक आत-बाहेर करून पाहिली. सेफ्टी लावून ट्रिगर दाबला, सोडला, मग सेफ्टी काढली: पिन सुटली नाही. बोल्ट जोरात बंद केला, तरी सुटली नाही.

काका म्हणाले, "नळी घासत बसू नकोस रे. मी तिला क्वचितच हात लावला. चेंबर मात्र कधी चुकवलं नाही."

हीच घेतली.

५ फेब्रुवारी

कागदोपत्री नोंद झाली, रायफल कपाटात. बोल्ट वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या. फोमच्या पेटीत ठेवणार नाही; फोम ओल धरतो आणि लोखंडाला चिकटूनच बसतो. पेटी फक्त ने-आण करायला.

११ फेब्रुवारी

पूर्ण साफसफाई एकदाच, सुरुवात कुठून झाली ते कळावं म्हणून. खोलीत काडतूस नाही, बोल्ट काढलेला, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं. हे रिकामं आहे हे माहीत असतानाही करायचं.

सामान: प्लास्टिकचं आवरण असलेला अखंड रॉड, .२२ चा जॅग (रॉडच्या टोकाला पॅच धरणारा), सुती पॅच, ब्रॉन्झ ब्रश, बोअर गाइड (रॉड नळीत सरळ ठेवणारा). तीन तुकड्यांचे जोडायचे ॲल्युमिनियम रॉड घेतले नाहीत. जोडावर कड असते, आणि मऊ धातूत कठीण कण रुतून बसतात. रिमफायरच्या बऱ्याच मिश्रणांत घर्षणासाठी बारीक काच घातलेली असते, म्हणजे हे कण म्हणजे साधी काजळी नव्हे. रॉड नेहमी चेंबरकडून तोंडाकडे. तोंडाशी पोचला की पॅच काढून टाकायचा, मळका पॅच परत ओढायचा नाही.

तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट दुकानदार आग्रहाने देत होता. .२२ लाँग रायफलची गोळी बहुतेक नुसती शिशाची, किंवा वर तांब्याचा अगदी पातळ मुलामा. जाड जॅकेट (तांब्याचं आवरण) नाहीच, तर तांबं कुठून येणार? साधं काजळी काढणारं सॉल्व्हंट पुरलं. (.१७ एचएमआरवाल्यांचं वेगळं. त्यांच्या गोळीला जॅकेट असतं.)

रिकाम्या सरावासाठी या रायफलीचं मॅन्युअल "करू नका" म्हणतं. नव्या बऱ्याच मॉडेलना चालतं, पण माझी नवी नाही. त्यामुळे रबरी बुडाची स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस). वापरलेली पुंगळीही चालते, दर वेळी थोडी फिरवून घातली तर. पण पुंगळी आणि खरं काडतूस एकाच टेबलावर येण्याची सवय मला नको, म्हणून लाल रंगाची कॅपच.

२० फेब्रुवारी

दुर्बीण बसवली. रिसीव्हरवर ११ मिलिमीटरचा डव्हटेल (दुर्बीण बसवायची खाच) आहे, त्याच मापाच्या रिंग (दुर्बीण धरणाऱ्या कड्या) घेतल्या. मोठ्या रायफलीची दुर्बीण कुणीतरी फुकट देत होतं, घेतली नाही. तिचा पॅरॅलॅक्स बहुधा १०० यार्डाला जुळवलेला असतो, रिमफायरच्या दुर्बिणीचा ५० च्या आसपास. मी ५० मीटरवर मारणार; डोळा जरा हलला की क्रॉस निशाण्यावरून सरकणार.

झीरो, म्हणजे दुर्बिणीचा क्रॉस आणि गोळी एका जागी आणणं: आधी बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचा ठिपका पाहिला, रायफल न हलवता क्रॉस त्याच ठिपक्यावर आणला. मग प्रत्यक्ष गोळ्या, आणि तिथून ५० मीटर. ग्रुपचा (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा) मध्य २९ मिलिमीटर खाली आणि १५ मिलिमीटर डावीकडे. दुर्बिणीचा एक क्लिक पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे ५० मीटरवर ३.६ मिलिमीटर. ८ क्लिक वर, ४ उजवीकडे. पुढचा ग्रुप काळ्यात. एकेका गोळीमागे धावत क्लिक फिरवणारे पाहिले आहेत. त्यांचा झीरो कधीच होत नाही. ग्रुपचा मध्य मोजायचा, एका गोळीचा नाही.

५० ला झीरो असलेली गोळी १०० मीटरवर सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर खाली जाते. पण खाली जाते म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका लिहिलेला असतो तो उगाच नाही, आणि पाण्यावरून किंवा कडक जमिनीवरून ही शिशाची गोळी सहज उसळते. मागे मातीचा बांध नसेल तर मारायचं नाही.

६ मार्च

काडतुसांची चाचणी. या छंदात कशावर वेळ आणि पैसा घालवावा असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर हेच.

वेगवेगळ्या कंपन्यांची, एकाच वजनाची (४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम) काडतुसं घेतली. ५० मीटर, रायफल वाळूच्या पिशव्यांवर, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप. सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत चांगल्या काडतुसात ग्रुपचा फरक दुपटीहून जास्त. रायफल तीच, माणूस तोच, वारा जवळजवळ नाही. आणि सगळ्यांत महाग खोकं पहिलं आलं नाही. ५० मीटरच्या स्पर्धेत दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, हे डोक्यात ठेवून त्या भोकांकडे पाहिलं की दुप्पट म्हणजे किती ते कळतं.

काडतूस बदलताना एक पथ्य पाळलं. या गोळीच्या अंगावर बाहेरून मेण किंवा ग्रीस असतं, कारण गोळी आणि पुंगळी एकाच जाडीच्या, गोळीचा फक्त मागचा बारीक भाग आत शिरलेला. प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं, आणि नळीत आधीच्याचा थर बसलेला. म्हणून नव्या खोक्यातल्या सुरुवातीच्या गोळ्या मोजायच्या नाहीत. नळी नव्या मेणाला रुळली की मग ग्रुप. त्याच कारणाने जमिनीवर पडलेलं काडतूस पुसून परत भरायचं नाही. मेणाला चिकटलेली वाळू थेट खोबण्यांतून जाते.

जास्त वेगाची (सुमारे ३८० मीटर प्रति सेकंद) काडतुसं माझ्या रायफलीत मागे पडली. स्टँडर्ड वेगाची ३२५-३३० च्या आसपास, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या खालीच सुटतात. वेगवान गोळीला मात्र वाटेत ध्वनीचा वेग ओलांडून खाली यावं लागतं. तिथे हवेचा अडसर सगळ्यांत जास्त, वेग झपाट्याने पडतो, आणि आडव्या वाऱ्यात ती स्टँडर्डपेक्षा जास्त वाहते. जोरात मारली की वाऱ्याला कमी बधेल, हा समज या काडतुसापुरता उलटा आहे.

जमलेल्या खोक्याचा लॉट नंबर (एका वेळी बनलेल्या खेपेचा क्रमांक) लिहून ठेवला. तीच कंपनी, तेच नाव, पण दुसरा लॉट म्हणजे दुसरं काडतूस समजायचं.

२९ मार्च

सरावाच्या एका स्वस्त खोक्यात मिसफायर निघाले. टक् आवाज आला आणि काही नाही. रायफल खांद्यावरून उतरवली नाही, तोंड निशाण्याकडेच, मनात ३० सेकंद मोजले, मग बोल्ट उघडला. उशिरा पेटणारं काडतूस क्वचित असतं, पण ते बोल्ट उघडल्यावर पेटलं तर पितळाचे तुकडे तोंडावर.

काडतूस हातात घेऊन पाहण्यात खरं शिक्षण आहे. काठावर पिनची खूण असते. खूण उथळ असेल तर दोष रायफलीत: बोल्टमध्ये घट्ट झालेलं तेल, थकलेलं स्प्रिंग, किंवा काडतूस पूर्ण आत न बसल्याने पिनचा अर्धा जोर ते पुढे ढकलण्यात गेलेला. खूण खोल आणि स्वच्छ असूनही पेटलं नसेल तर दोष काडतुसात. काठात मिश्रण फिरवून पसरवतात. एखाद्या जागी ते पोचतच नाही आणि पिन नेमकी तिथेच बसते. माझ्या सगळ्या खुणा खोल. सरांच्या समोर तीच काडतुसं अर्धा वळसा फिरवून पुन्हा घातली, बहुतेक वाजली. न वाजलेली रेंजच्या डब्यात.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र वेगळी गोष्ट. तिथे थांबायचं, बोल्ट काढायचा, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहायचं. गोळी मध्येच अडकलेली असताना मागून दुसरी गेली तर नळी फुगते.

१८ एप्रिल

ग्रुपचे दोन तुकडे. तीन गोळ्या एका भोकात, दोन दुसऱ्या भोकात, मधे बोटभर अंतर. काडतूस तपासलेल्या लॉटचंच. माणूस बिघडला की भोकं विखुरतात. अशी दोन घरं करून बसली तर बहुधा काहीतरी सैल असतं. रिंग घट्ट होत्या. दस्त्याखालचा पुढचा स्क्रू बोटाने फिरला. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आक्रसतं, स्क्रूची पकड जाते. मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळला, खूण म्हणून स्क्रू आणि धातूवर एक बारीक रेघ ओढली. ग्रुप परत एक झाला.

१० मे

काडतूस शेवटच्या दोन मिलिमीटरला अडखळून आत जातंय आणि पुंगळी ओढताना बोल्ट जड लागतोय. काकांनी म्हटलं होतं तेच. नळी बघितली तर चकचकीत, पण चेंबरमध्ये, पुंगळीचं तोंड जिथे संपतं त्याच्या लगेच पुढे, करडी-काळी कडक रिंग. मेण, काजळी आणि शिसं भाजून झालेली. कुणी .२२ शॉर्ट याच चेंबरमधून मारत असेल तर ही रिंग आणखी मागे, पुंगळीच्याच जागेत बसते.

सॉल्व्हंटचा ओला पॅच जॅगवर गुंडाळून नेमका त्या जागी नेऊन ठेवला, पंधरा मिनिटं तसाच. मग रॉडच्या तुकड्याला लावलेला ब्रॉन्झ ब्रश चेंबरपुरता आत घालून बोटांनी गोल फिरवला. पहिला पॅच डांबरासारखा निघाला. पुन्हा भिजवणं, पुन्हा ब्रश, पॅच राखाडी होईपर्यंत. पुढच्या नळीतून फक्त कोरडे पॅच ओढले. काडतूस आता स्वतःच्या वजनाने सरकतं.

त्याच वेळी बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नख्या. नखीखाली मेणाचा एवढासा थर साचला तरी काठावरची पकड सुटते. लाकडी टूथपिकने काढला. एक्स्ट्रॅक्टरचं स्प्रिंग तांदळाच्या दाण्याहून मोठं नाही, म्हणून बोल्ट पारदर्शक पिशवीत धरूनच उघडला. उडालं तर पिशवीत राहील. बोल्टच्या आत तेलाचा फक्त बोटाने पुसलेला थर, जास्त नाही.

मग साबण आणि थंड पाण्याने हात. गोळी शिशाची आणि प्रायमरच्या मिश्रणातही शिसं, ते बोटांवरून तोंडात जायला वेळ लागत नाही.

२४ मे

साफसफाईनंतरचा पहिला सराव. सुरुवातीच्या गोळ्या इकडे-तिकडे, मग ग्रुप आपोआप आवळत गेला. नळीत मेणाचा थर पुन्हा बसला एवढंच. दर सरावानंतर नळी लख्ख करणाऱ्यांची रायफल कायम या रुळण्याच्या अवस्थेतच राहते. माझा नियम ठरला: चेंबर आणि बोल्टचं तोंड दर वेळी, नळी ग्रुप बिघडला तरच.

१४ जून

हवा दमट. बाहेरच्या धातूवर घामाची बोटं गंज धरायला पुरेशी असतात, त्यामुळे कपाटात ठेवताना तेलाच्या फडक्याचा एक हात आणि मग धातूला बोट लावायचं नाही. कपाटात सिलिका जेल. नळीत तेलाचा पॅच फिरवला असेल तर मारण्याआधी कोरडा पॅच, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे.

५ जुलै

ट्रिगर हलका करून घ्यावा का, यावर रेंजवर बरीच चर्चा. आत स्क्रू फिरवण्याची सोय आहे, पण फार हलका केला की बोल्ट आपटल्यावर पिन सुटण्याची शक्यता. तूर्त हात लावत नाही. बदलायचा झालाच तर बंदूक दुरुस्तीवाल्याकडून, आणि बदलल्यावर खरेदीच्या दिवशी केली तीच सेफ्टीची आणि बोल्ट आपटण्याची परीक्षा पुन्हा, स्नॅप कॅपवर.

मागवायचं सामान: एक्स्ट्रॅक्टर आणि त्याचं स्प्रिंग, एक जास्तीचं मॅगझिन, ब्रॉन्झ ब्रश (जुना चेंबरसाठी कापला). जमलेल्या लॉटची उरलेली खोकी आत्ताच उचलून ठेवायची, परवान्यात काडतुसांची मर्यादा बसते तेवढी. नवा लॉट आला की पुन्हा पिशव्यांवर बसून मोजणं आलंच.